मशीन, मावशी आणि माझी वही

गेल्या शनिवारी आमचं वॉशिंग मशीन रुसलं. हे नवं, समोरून काचेचं दार असलेलं. मधेच थांबलं, पडद्यावर एक आकडा दाखवू लागलं आणि दार उघडेना. आत आठवड्याचे कपडे, साबणाच्या पाण्यात. कस्टमर केअरला फोन केला, तर माणूस सोमवारी येणार म्हणाले. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस, त्यामुळे मला एकच उपाय येतो: बंद करून पुन्हा चालू करणे. तो केला आणि चक्क चाललं! बायको म्हणाली, "एवढं शिकून हेच?" हेच.

पण ते परत घुं घुं करायला लागलं तेव्हा मी मोढा घेऊन त्याच्यासमोर बसून राहिलो आणि डोक्यात भंडारदरा सुरू झालं. त्याला कारण होतं. जूनमध्येच तिथे जाऊन आलो होतो, आणि तिथे एका म्हातारीने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. आधी जुनी गोष्ट सांगतो.

आमचं बालपण शेंडीला गेलं. भंडारदरा म्हणून लोक जिथे जातात, ते गाव म्हणजे शेंडी, तालुका अकोले. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. बाबा धरणावर नोकरीला होते, म्हणून कॉलनीत क्वार्टर. प्रवरेवरचं हे धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने विल्सन डॅम. आम्हा पोरांना त्याचं काही कौतुक नव्हतं. आमच्या दृष्टीने ती क्रिकेटचा बॉल हरवण्याची एक मोठी जागा होती.

पाहुण्यांना भंडारदरा म्हटलं की पाऊस आठवतो. धबधबे, धुकं, रंधा फॉल, गरम भजी वगैरे. आम्हाला पाऊस म्हटलं की न वाळलेली चड्डी आठवते! हसू नका. जलाशयाच्या वरच्या टोकाचं घाटघर म्हणजे नगर जिल्ह्याची चेरापुंजी. उरलेला जिल्हा टँकरची वाट बघत असायचा आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर ऊन म्हणून दिसायचं नाही. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. खाटेवर, खुर्च्यांच्या पाठीवर, खिडकीच्या गजांवर कपडे. आई शेगडीत निखारे घालून त्यावर वेताची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर शाळेचा शर्ट पसरायची. शर्ट वाळायचा, पण धुराचा वास यायचा. टोपलीवर न टाकलेल्या शर्टाला कुबट वास यायचा. आमच्या वर्गात दोनच प्रकारची मुलं होती, धुराची आणि कुबट :-)

कपडे धुवायला एक मावशी यायच्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही मावशीच म्हणायचो. धरणापलीकडच्या एका वाडीतून चालत यायच्या, पावसात डोक्यावर इरलं. मोरीच्या बाहेर धुण्याचा दगड होता. त्यावर साबण लावायचा, चुबकायचं, धोपटायचं, दोनदा हिसळायचं, पिळायचं, पांढऱ्यांना नीळ आणि मग दोरीवर. महिन्याचे साठ रुपये. जुलैमध्ये भाताची आवणी सुरू झाली की मावशी महिनाभर यायच्या नाहीत, त्यांच्या शेतात आणि दुसऱ्यांच्या शेतात चिखलात असायच्या. तेव्हा आई धुवायची. धुण्याच्या सोड्याने तिच्या बोटांना भेगा पडायच्या, मग रात्री ती त्यात मेण घालायची. हे मला तेव्हा दिसत होतं, पण लक्षात आलं नव्हतं. दोन्हीत फरक आहे.

१९९३ साली बाबांनी वॉशिंग मशीन घ्यायचं मनावर घेतलं. टीव्हीवर जाहिराती चालू होत्या, नाशिकला मामाकडे एक आलेलं होतं. किंमत साडेसात हजार. म्हणजे बाबांचे जवळजवळ दोन पगार. बाबा हिशेबी माणूस. मी तेव्हा बारा वर्षांचा, गणितात बरा, आणि मामाकडे ते मशीन बघून आल्यापासून वेडा झालेलो. बाबा म्हणाले, "परवडतं का ते मांडून दाखव."

मी शंभर पानी वहीत मांडलं. मशीन ७५०० रुपये. मावशी दरमहा ६० रुपये. भागाकार: १२५ महिने, म्हणजे १० वर्षं ५ महिने. बाबा म्हणाले, "दहा वर्षं टिकणार का ते?" म्हणजे नापास. मग मी वही घेऊन परत बसलो आणि दोन ओळी वाढवल्या. साबणाची बचत दरमहा १५ रुपये. धोपटून कपडे फाटतात, ते वाचतील त्याचे २५ रुपये. आता महिन्याला झाले शंभर. ७५ महिने, म्हणजे ६ वर्षं ३ महिने. हे १५ आणि २५ कुठून आणले? कुठूनही नाही. उत्तर आधी ठरलं होतं, आकडे नंतर आले. विजेचं बिल मी धरलंच नव्हतं. पुढे कंपनीत लागल्यावर मला कळलं की या कामाला मोठ्या पगाराची माणसं ठेवलेली असतात.

आणि एक गोष्ट तर मी, बाबा, कोणीच धरली नाही. आईचे तास. त्या वहीत आईच्या नावाची ओळच नाही. तिला कोणी पैसे देत नव्हतं ना, मग वाचणार काय!

तर ते मी ओसरीत उभं राहून बाबांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. "मावशी, साठ रुपये, वाचतील." मावशी चार हातांवर दगडाशी होत्या. धोपटण्याचा आवाज क्षणभर थांबला. मग परत सुरू झाला.

मशीन आलं. संगमनेरहून टेम्पोने, गवतात गुंडाळून. अर्धी कॉलनी बघायला. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं.

ज्यांनी फक्त आजची मशिनं पाहिली आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ते सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे शेजारी शेजारी दोन टब. एकात कपडे घुसळायचे, मग हाताने उचलून दुसऱ्यात टाकायचे, तिथे ते गरगर फिरून पिळले जायचे. धुण्याच्या टबाच्या तळाशी एक चकती. ती थोडा वेळ उजवीकडे फिरणार, थांबणार, मग डावीकडे फिरणार. एकाच दिशेने फिरली तर कपड्यांची वेणी होते, म्हणून. हे दिशा बदलणं कोण करतं? आत कॉम्प्युटर वगैरे काही नाही. वरचं बटण पिळलं की आत स्प्रिंग भरते. ती घड्याळासारखी टिकटिक करत उलगडते आणि दातऱ्या चकत्या फिरवते. चकतीचा उंचवटा आला की एक पत्रा दुसऱ्याला टेकतो, मोटर सुलटी. पुढचा उंचवटा आला की दुसरा पत्रा, मोटर उलटी. बस्. मी आयुष्यात पाहिलेला पहिला प्रोग्राम तो, प्लॅस्टिकच्या चकतीवर कोरलेला. आजतागायत त्यात बग सापडलेला नाही.

नाही, एक होता. टायमर स्प्रिंगवर, मोटर विजेवर. आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज म्हणजे पाहुणी. वारा सुटला, कुठे तारेवर झाड पडलं की गेली, कधी दोन दोन दिवस. (धरणाच्या पायथ्याशी वीजघर आणि आम्ही कंदिलात! यावर कॉलनीत रोज एक तरी विनोद व्हायचा.) वीज गेली की मोटर थांबायची, पण टायमर टिकटिकत पुढे जायचा. पंधरा मिनिटांनी बटण इमानदारीत शून्यावर. मशीनच्या मते काम झालेलं, आणि कपडे जसेच्या तसे साबणात. काम न होता "झालं" असं सांगणारे प्रोग्राम मी नंतर कितीतरी पाहिले, थोडे लिहिलेही. प्रत्येक वेळी ते बटण आठवलं.

पिळायच्या टबाच्या तर गमतीच. कपडे एका बाजूला जास्त पडले की मशीन नाचत नाचत ओसरीच्या टोकापर्यंत जायचं. मग मी वर बसायचो. वरून जाळीची चकती दाबून बसवायची, झाकण लावायचं. झाकण उघडलं की वीज तुटणार आणि ब्रेक लागणार, हात सुरक्षित. पण त्या टबाने आमचं घर बदललं हे खरं. धुण्याचं एवढं कौतुक नव्हतं. कॉलर आणि धोतराचा काठ आई हातानेच घासायची. पण पाच मिनिटं फिरून शर्ट बाहेर आला की नुसता दमट! रात्री दोरीवर टाकला की सकाळी अंगात. त्या वर्षीच्या पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी पडली नाही, आणि मी धुराचाही नव्हतो आणि कुबटही नव्हतो.

आता मावशींचं काय झालं? ही खरी गोष्ट.

सेमी-ऑटोमॅटिकला पाणी आपण घालायचं असतं. आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी, ते मागच्या अंगणात पिंपात भरून ठेवायचं. मशीन ओसरीत. एका वेळी टब भरायला तीन बादल्या. पहिले पांढरे कपडे, मग त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत. पण हिसळायला प्रत्येक घाण्याला दोनदा नवं पाणी. दोन घाणे म्हणजे पंधरा बादल्या. त्या कोण आणणार? मावशी! म्हणजे मशीन आल्यावर मावशी होत्याच. पिंपातून पाणी आणायचं, कपडे या टबातून त्या टबात टाकायचे, वाळत घालायचे. पण आता "निम्मंच काम" म्हणून साठाचे तीस झाले. कोणी क्रूरपणे केलं नाही हो. आईने सांगितलं, मावशींनी मान हलवली. सगळं सरळ. माझ्या वहीत तर तसंच होतं.

पुढच्या वर्षी बाबांनी नळाला लांब पाईप आणला. तो नळाला लावून, ओसरीपर्यंत ओढून, खिडकीच्या गजाला बांधून मशीनमध्ये सोडायची युक्ती माझी. पाणी यायच्या तासात मशीन लावलं की बादली नको. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. १९९४ च्या दिवाळीनंतर मावशी आल्या नाहीत. म्हणजे, येऊ नका असं सांगितलं. लुगडं आणि फराळ देऊन.

पुढे १९९६ साली बाबांची बदली झाली, मशीन आमच्याबरोबर ट्रकमधून गेलं आणि २००४ पर्यंत चाललं. अकरा वर्षं. म्हणजे माझा पहिला, खोटा न केलेला हिशेबसुद्धा पास झाला असता!

मधे कधीतरी हान्स रोस्लिंग या स्वीडिश डॉक्टरांचं २०१० सालचं भाषण पाहिलं. ते सांगतात, त्यांच्या घरी पहिलं वॉशिंग मशीन आलं तेव्हा आजीने खुर्ची ओढून पूर्ण वेळ त्याकडे बघत बसणं पसंत केलं, आणि आईला वेळ मिळाला तो तिने मुलाला लायब्ररीत नेण्यात घातला. ऐकताना माझे डोळे भरून आले. मला आईच्या बोटांच्या भेगा आठवल्या. त्याच्या उलट रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंचं पुस्तक. १९८३ सालचं, "मोअर वर्क फॉर मदर". त्यांचं म्हणणं असं की घरात यंत्रं आली, पण गृहिणीचे तास काही तेवढे कमी झाले नाहीत. कारण हाताखालची माणसं गेली, बाहेर जाणारी कामं घरात आली आणि स्वच्छतेच्या कल्पना वाढल्या. हेही आमच्याच घरचं. पूर्वी युनिफॉर्म दोन दिवस चालायचा, मशीन आल्यावर रोज नवा. चादरी पंधरा दिवसांनी, त्या दर रविवारी. आणि मावशी गेल्यावर ते सगळं एकट्या आईवर. दोघंही खरं सांगतात. मावशी मात्र दोघांच्याही गोष्टीच्या कडेला उभ्या राहतात.

आता जूनचं. मुलांना काजवे दाखवायचे म्हणून आम्ही भंडारदऱ्याला गेलो. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या आधी, झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. हल्ली त्यासाठी गाड्यांची रांग लागते आणि जलाशयाच्या कडेने तंबू. आम्ही उतरलो तो तंबूवाला विशीतला पोरगा, बोलताना वाडीचं नाव निघालं आणि मी चमकलो. मावशींचा नातू! मागे छपराखाली ताडपत्री लावून दोन सेमी-ऑटोमॅटिक मशिनं उभी. तंबूतल्या चादरी धुवायला. मी विचारलं, फुल्ली ऑटोमॅटिक का नाही? तो म्हणाला, "सर, तिला पाण्याचा जोर लागतो, आणि विजेचा झटका बसला की कार्ड जातं. हिला काय, बादली ओतली की झालं." २००८ पासून इथे घाटघरला २५० मेगावॅटचं केंद्र आहे. रात्री पाणी खालून वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. त्याचंही यंत्र उलटंसुलटं दोन्ही फिरतं, आमच्या चकतीसारखंच. मी हे त्याला उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "हो सर, पण इकडे काल रात्री लाईट नव्हती."

एका मशीनचं पिळायचं टब फिरत नव्हतं. "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, बघता का?" त्याने विचारलं. मी मागचं झाकण काढलं. झाकणाचा स्विच दमट हवेने गंजला होता. पॉलिश पेपरने घासला, फिरलं. वर्षभरात मी केलेल्या कामांपैकी हे एकच असेल की जे मला डोळ्यांनी झालेलं दिसलं.

मावशी बाजेवर बसून बघत होत्या. नातवाने सांगितलं मी कोण ते. त्यांनी मला जवळ बोलावून चेहरा निरखला. "वहीवाला का रं तू?"

मला घाम फुटला. एकतीस-बत्तीस वर्षं! मी काहीतरी पुटपुटलो, की मी लहान होतो, चुकलं वगैरे. त्या म्हणाल्या, "तीस केले व्हते तुम्ही. त्या साली लई ओढ झाली." राग नव्हता. पाऊस किती झाला ते सांगावं तसं. मग म्हणाल्या, "पन तुझी आई चांगली. सून बाळंत झाली भर पावसात, तव्हा बाळाची दुपटी मी घेऊन यायची, ती मशिनीत फिरवून द्यायची. रोज. कोनाला सांगू नको म्हनायची." ज्याची दुपटी, तो या पोराचा थोरला भाऊ. आता पुण्यात चाकणला असतो.

हे मला माहीत नव्हतं. बहुतेक बाबांनाही नसावं.

मग त्यांनी विचारलं, "तू काय काम करतो?" मी सोपं करून सांगितलं. कंपन्यांमध्ये माणसं कागद तपासतात, आकडे भरतात, ते काम कॉम्प्युटरने करायचं, असं काहीतरी आम्ही बनवतो. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग त्या मानसांचं?"

मी म्हणालो, त्यांना दुसरी कामं मिळतात. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला तर न्हाई मिळालं. पावसाळा शेतात जायचा. उन्हाळ्यात काय करनार?" आणि नातवाला हाक मारून मला चहा द्यायला सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, मशीन घ्यायलाच नको होतं का? नाही, तसं मी म्हणणार नाही. आईच्या हातांच्या भेगा मी पाहिल्या आहेत, आणि मावशींच्या नातसुनेला आज कोणी शंभर चादरी दगडावर धुवायला लावल्या तर मी भांडेन. माझं म्हणणं हिशेबाबद्दल आहे. गेल्या महिन्यात मी क्लायंटला एक तक्ता पाठवला. "वाचणारे श्रम: सहा माणसं." खाली बेरीज, किती महिन्यांत पैसे वसूल. अगदी वहीसारखंच, फक्त रंगीत. जूनहून परत आल्यावर मी त्यात एक ओळ वाढवली: ही सहा माणसं पुढे काय करणार, आणि त्यांना शिकवायचा खर्च. आमच्या साहेबांनी ती काढून टाकली. आपल्या स्कोपमध्ये नाही म्हणाले. त्यांच्या बाजूने ते बरोबर आहेत. मी पुढच्या तक्त्यात परत घालणार आहे. बघू किती वेळा काढतात.

परत आल्यावर आईला फोन करून सगळं सांगितलं. दुपट्यांचंही. ती आधी हसली, मग बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "पंधरा बादल्या आणायची रे ती. ते निम्मं काम कसं होतं?"

असो. मशीनची शिट्टी झाली, कपडे काढायला हवेत.